डिझेल गाडीचं ऑईल घरी बदललं आणि चुकलं? आधी चावी काढा

दिवाळीच्या आदल्या रविवारी कराडला घरासमोर मी आमच्या डिझेल स्विफ्टचं ऑईल बदलायला घेतलं. गाडी स्टँडवर घेतली, खाली सरपटत गेलो, बोल्ट सोडला, ऑईल परातीत आलं. फिल्टर बदलला, बोल्ट आवळला, वरून नवं ऑईल तीन लिटर ओतलं. गाडी खाली उतरवून ऑईलची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघतो तर ऑईल वरच्या खुणेच्या बोटभर वर, आणि रंग काळाकुट्ट. इंजिन अजून एकदाही सुरू केलेलं नव्हतं. मग नवं ऑईल काळं कसं?

चावी माझ्या हातातच होती. एकदा सुरू करून बंद करू, ऑईल फिल्टरमध्ये जाईल आणि पातळी खाली येईल, असं मनात आलं होतं. तेवढ्यात शेजारचे काका फाटकाशी आले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी आधी पट्टी बघितली, मग परातीत बोट बुडवलं आणि बोटाचा वास घेतला. म्हणाले, "अरे, डिझेलच्या इंजिनातलं ऑईल मधासारखं कधी असतं का? गिअरबॉक्स रिकामा केलास तू. चावी खिशात ठेव आधी."

परातीत जेमतेम दोन लिटर मधाच्या रंगाचं, चिकट ऑईल होतं. गंधकासारखा उग्र वास येत होता. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा, आणि तीन लिटरच्या इंजिनात सहा लिटरच्या जवळपास ऑईल. त्या क्षणी चावी फिरवली असती तर दोन्ही गेले असते. फिरवली नाही म्हणून सगळं मिळून एक दिवस आणि दोन प्रकारचं ऑईल, एवढ्यावर निभावलं.

त्या दिवसापासून ओळखीच्या कुणीही "ऑईल बदलताना काहीतरी चुकलं" म्हणून फोन केला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: त्यानंतर गाडी सुरू केली का? बंद इंजिनातली जवळजवळ प्रत्येक चूक दुरुस्त होते. इंजिन फिरलं की मात्र एकेका सेकंदाचा हिशोब सुरू होतो.

पहिली दहा मिनिटं

चावी काढून घरातल्या खिळ्याला अडकवा. बटण-स्टार्टची गाडी असेल तर किल्ली घरात ठेवा. स्टिअरिंगवर कागद चिकटवा: "सुरू करू नका". हे जरा जास्त वाटेल, पण घरात गाडी चालवणारे दोघं-तिघं असतात आणि संध्याकाळी कुणीतरी दूध आणायला निघतंच.

मग तीन गोष्टी लिहून काढा. बाहेर किती आलं, कोणत्या रंगाचं आलं, आत किती ओतलं. परातीतलं ऑईल अंदाजाने मोजू नका. नव्या ऑईलचे रिकामे झालेले एक-एक लिटरचे कॅन असतात, त्यांत नरसाळ्याने भरून मोजा. गाडीच्या पुस्तकात फिल्टरसह किती लिटर लागतं ते दिलेलं असतं. पूर्ण रिकामं केलं तरी इंजिनात कोपऱ्याकोपऱ्यांत थोडं राहतंच, त्यामुळे बाहेर आलेला आकडा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा थोडा कमी भरणार. पण तीनच्या जागी दोन आलं किंवा साडेचार आलं, तर तिथे थांबून विचार करायला हवा.

रंगाचं सांगायचं तर डिझेल इंजिनातलं वापरलेलं ऑईल काळंच असतं. ज्वलनातली काजळी त्यात मिसळते आणि ते काजळी धरून ठेवण्यासाठीच बनवलेलं असतं. हजार किलोमीटर चाललेल्या डिझेल गाडीच्या बोल्टातून सोनेरी धार आली तर ती इंजिनाची नाही. धार दिसताक्षणी बोल्ट परत लावा. मी त्या वेळी उजेड जाईल म्हणून घाई करत होतो. धार माझ्या मनगटावरून ओघळली तरी मी तिच्याकडे बघितलं नाही.

गाडीखाली परत जाणार असाल तर जॅकवर भरवसा ठेवू नका. स्टँड लावा, मागच्या चाकांना अडसर लावा. विटा आणि सिमेंटचे ठोकळे वजनाखाली न सांगता फुटतात, ते वापरूच नका.

इंजिनाऐवजी गिअरबॉक्स रिकामा झाला

पुढच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी-शेजारी आडवे असतात, दोघांच्याही तळाला बोल्ट असतो. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या भांड्यात दोन्ही चाकांचे एक्सेल, म्हणजे चाकं फिरवणारे दांडे, शिरतात तो गिअरबॉक्स. पट्ट्याच्या पुल्यांच्या बाजूचं, रुंद आणि बहुधा सर्वांत खालचं भांडं म्हणजे इंजिनाचा चेंबर. खाली झोपल्यावर दिशा उलट्या वाटतात, म्हणून आधी एक्सेल शोधा आणि मग बोल्ट.

चूक झालीच असेल तर गाडी हलवू नका, ढकलूनसुद्धा लांब नेऊ नका. अशा गाड्यांत डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग, त्याच ऑईलात भिजतं, त्यामुळे चाकं फिरली की आतले दाते कोरडे फिरतात. दोन-चार फूट सरकवण्यापुरतं चालेल, टोचन लावून गॅरेजपर्यंत ओढणं चालणार नाही. न्यायचीच वेळ आली तर पुढची चाकं उचलून किंवा सपाट ट्रकवर चढवून न्या.

गिअरबॉक्स भरण्याचा क्रम असा. आधी भरायचा बोल्ट शोधा. तो गिअरबॉक्सच्या अंगाला, मध्यावर कुठेतरी असतो. तो सुटतो का हे बघा. वर्षानुवर्षं न उघडलेला असतो, त्यामुळे कधी कधी गंजून बसतो, आणि तो सुटला नाही तर ऑईल घालणार कुठून? सुटत नसेल तर पान्यावर नळकांडं चढवून जोर करण्याआधी रात्रभर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. मग तळाचा बोल्ट नव्या वॉशरसह लावा. गाडी सपाट जागेवर चारही बाजूंनी सारखी असताना भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑईल भरा. ते ओघळायला लागलं की भरलं. भोकाला नरसाळं पुरत नाही, म्हणून मोठी सिरिंज किंवा लांब पारदर्शक नळी लागते. मी बोनेटमधून नळी खाली सोडली होती आणि वर नरसाळं धरायला आतेभावाला उभं केलं होतं. थंडीत गिअर ऑईल फार सावकाश उतरतं. बाटली कोमट पाण्यात ठेवली की काम निम्म्या वेळात होतं.

ऑईल कोणतं? पुस्तकात लिहिलेलंच. गिअर ऑईलच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असं असतं आणि ही दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. काही जीएल-५ ऑईलांमधली रसायनं साध्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्रास देतात. पुस्तकात जीएल-४ असेल तर तेच शोधा, दुकानदार "हे वरच्या दर्जाचं आहे" म्हणाला तरी. ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स रिकामा झाला असेल तर घरी भरू नका. तिथे ऑईलचा प्रकार, तापमान आणि पातळी मोजायची रीत सगळंच वेगळं असतं.

गिअरबॉक्स मिटला तरी इंजिन अजून ओसंडून भरलेलंच आहे. ते काढल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही.

इंजिनात जास्त ऑईल गेलं

बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत पट्टीवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. त्यावरून किती जास्त झालं याचा अंदाज बांधता येतो. वरच्या खुणेच्या चिमूटभर वर असेल तर घाबरण्यासारखं नाही, थोडं काढलं की झालं. अर्धा लिटर किंवा जास्त असेल तर सुरू करू नका.

इंजिनातला क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, चेंबरमध्ये गरगर फिरतो. ऑईल त्याच्या टप्प्यात आलं की त्याचं लोण्यासारखं घुसळण होतं, फेस होतो आणि पंप ऑईलऐवजी हवा ओढायला लागतो. ऑईलच्या दाबाचा लाल दिवा पेटतो, बेअरिंगं कोरडी पडतात. पण डिझेल गाडीत याहूनही वाईट एक गोष्ट होऊ शकते. इंजिनातला वायू बाहेर पडायला एक नळी असते, ती हवा आत घेणाऱ्या वाटेला जोडलेली असते. फेसाळलेलं ऑईल त्या नळीतून हवेच्या वाटेत जातं आणि तिथून सिलिंडरमध्ये. पेट्रोल इंजिनात ठिणगी बंद केली की आग बंद. डिझेलमध्ये ठिणगी नसतेच. दाबलेली हवा पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्यात जे जळण्यासारखं येईल ते जळतं, मग ते डिझेल असो वा इंजिन ऑईल. चावी बंद केली तर डिझेल थांबतं, ऑईल थांबत नाही. इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन स्वतःहून वेग घेत जातं. गॅरेजवाले याला "इंजिन पळालं" म्हणतात.

जास्तीचं ऑईल काढायच्या दोन वाटा. जास्त दीड-दोन लिटरच्या पुढे असेल, माझ्यासारखं, तर सरळ तळाचा बोल्ट सोडून सगळं रिकामं करा आणि मोजून पुन्हा भरा. नवं-जुनं एकत्र झालेलं ऑईल परत वापरायचा मोह होतो. मी टाकून दिलं. तीन लिटर नवं ऑईल वाया गेल्याचं वाईट वाटलं, पण निम्मं काळं ऑईल इंजिनात ठेवून बदलल्याचं समाधान मिळणार नव्हतं.

जास्त थोडंच असेल तर गाडीखाली जायची गरज नाही. औषधाच्या दुकानात सलाईनची नळी मिळते आणि पन्नास-साठ मिलीची सिरिंज मिळते. नळीचं टोक तिरकं कापा, पट्टीच्या भोकातून तळ लागेपर्यंत सोडा, दुसऱ्या टोकाला सिरिंज लावून ओढा. ऑईल हाताला सोसेल एवढं कोमट असलं तर सोपं जातं. नळीवर पट्टीच्या लांबीची खूण आधी पेनाने करून ठेवा, म्हणजे किती आत गेली ते कळतं. ओढलेलं ऑईल मोजत जा. दोनशे मिली काढा, दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसा, बघा. घाईने काढत गेलात तर खालच्या खुणेखाली जाल आणि पुन्हा भरत बसाल.

पातळी बघायची ती सपाट जागेवर, गाडी स्टँडवरून उतरवल्यावर. पुढचा भाग उचललेल्या गाडीत पट्टी खोटं सांगते.

इंजिन पळालं तर

सुरू केलं आणि पायाने ॲक्सिलरेटर न दाबता आवाज चढायला लागला, मागून पांढरा-निळा धूर लोटला, चावी काढली तरी थांबेना. या वेळी विचार करायला काही सेकंदच असतात, म्हणून आत्ताच पाठ करून ठेवा.

हाताच्या गिअरची गाडी असेल तर हँडब्रेक पूर्ण ओढा, ब्रेकवर सगळं वजन द्या, क्लच दाबा, सर्वांत वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच एकदम सोडा. गाडी हिसका देऊन बंद पडेल. पहिला गिअर टाकू नका, पहिल्यात गाडी ब्रेकला न जुमानता उसळी घेऊ शकते. समोर माणूस, मूल, भिंत नाही ना हे आधी बघा.

ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही. तिथे हवेची वाट बंद करणं हाच उपाय: हवेच्या पाइपच्या तोंडावर जाड लाकडी फळी दाबून धरणं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक तोंडात सोडणं. तळहात लावू नका, ओढ एवढी असते की हात अडकतो. फडकं धरलं तर ते आत ओढलं जातं. आणि पाइपपर्यंत सुरक्षित पोचता येत नसेल तर लांब उभे राहा. इंजिन फुटून तुकडे उडतात. इंजिन गेलं तरी ते माणसाच्या जिवापुढे काहीच नाही.

थांबल्यावर पुन्हा सुरू करून बघू नका, जरी जास्तीचं ऑईल काढून टाकलं असलं तरी. हवेचे पाइप आणि इंटरकूलर (आत जाणारी हवा थंड करणारा भाग) आता ऑईलने भरलेले असतात. तेवढं ऑईल दुसऱ्यांदा पळायला पुरतं. ते उतरवून, ओतून, धुऊन, सुकवूनच पुढे जायचं. हे काम गॅरेजचं.

लाल दिवा विझत नाही

ऑईल बदलल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना ऑईलचा लाल दिवा दोन-चार सेकंद जास्त राहतो. फिल्टर रिकामा असतो, तो भरतो आणि दिवा विझतो. तोवर ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारू शकतो आणि तो ऑईलच्या पातळ थरावर तरंगत असतो. थर नसताना जोर दिलात तर टर्बो आतून घासला जातो, आणि तो आवाज महिन्याभराने कानावर येतो, जेव्हा ऑईल बदलल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

दहा सेकंदांत विझला नाही तर बंद करा. पुन्हा प्रयत्न नको. आता खाली वाकून जमिनीकडे बघा.

जमिनीवर थारोळं असेल तर संशय फिल्टरवर. डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर जुन्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिलेली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. तिच्यावर नवी रिंग बसते, सुस्त चालीत टिकते, आणि दाब चढला की एक बाजू बाहेर ढकलली जाते. मिनिटाभरात इंजिन रिकामं होऊ शकतं. मी आता जुना फिल्टर काढल्यावर तो उलटा करून रिंग त्याच्याबरोबर आलीय का बघतो, आणि तरीही बोटाचं टोक इंजिनाच्या बैठकीवरून पूर्ण गोल फिरवतो. धातू गुळगुळीत लागला पाहिजे. मऊ लागलं तर रिंग तिथेच आहे. काळ्या रंगावर काळी रिंग, डोळ्यांना दिसत नाही.

आमच्या गाडीत डबा नाही, झाकणाखाली कागदी कार्ट्रिज आहे. १२४८ सीसीचं हे मल्टिजेट इंजिन फियाटचं. मारुती, टाटा, फियाट अशा कितीतरी गाड्यांत ते बसलं, म्हणून त्याला देशाचं राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणायची पद्धत पडली. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या थांबवल्या, पण रस्त्यावर अजून भरपूर आहेत. या प्रकारच्या फिल्टरमध्ये चुका वेगळ्या होतात: झाकणाची रबरी ओ-रिंग बदलली नाही, चुकीच्या खाचेत बसवली, किंवा कोरडीच ढकलली आणि पिळली गेली. नव्या रिंगला ऑईलचं बोट लावा. झाकण प्लॅस्टिकचं असतं आणि त्यावरच किती आवळायचं ते छापलेलं असतं, बऱ्याचदा २५ न्यूटन मीटर. जास्त आवळलं की झाकणाला केसासारखी चीर जाते. ती थंड असताना गळत नाही, गरम झाल्यावर गळते.

जमीन कोरडी आणि पातळी बरोबर, तरी दिवा पेटलेला? मग घरी पुढे काही करू नका. गॅरेजवाला सेन्सरच्या जागी दाबाचा काटा लावून खरा दाब मोजेल. "सेन्सर खराब असेल" असं समजून चालवू नका. मल्टिजेटमध्ये टायमिंगचा पट्टा नाही, साखळी आहे, आणि तिला ताणून धरणारा भागसुद्धा ऑईलच्या दाबावर चालतो.

दिवा पेटलेला असताना गाडी काही अंतर चाललीच असेल, तर ऑईल पुन्हा काढून पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा. उन्हात फडकं तिरपं धरा. चंदेरी किंवा तांब्यासारखी चमक दिसली तर ती बेअरिंगची आहे. गाडी सुरू करू नका, टोचन मागवा. फडकं स्वच्छ आणि इंजिनात ठकठक नसेल तर नशीब चांगलं होतं.

बोल्टाचे आटे गेले

आवळताना बोल्ट घट्ट होता होता एकदम सैल झाला आणि फिरतच राहिला, म्हणजे आटे गेले. आधी चेंबरला लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर पत्र्याचा, नाही चिकटलं तर ॲल्युमिनियमचा. ॲल्युमिनियममध्ये लोखंडी बोल्टच जिंकतो, म्हणून आटे चेंबरचे जातात. बोल्ट वाचतो.

काही जण जरा मोठा बोल्ट घेऊन तो ठोकून-फिरवून स्वतःचे आटे पाडायला लावतात. ॲल्युमिनियममध्ये तो तिरका शिरतो, चेंबरला चीर जाते आणि मग बोल्टाची दुरुस्ती चेंबर बदलण्यावर जाते. एम-सील, टेफ्लॉन टेप हेही नको. टेपचे धागे सुटून पंपाच्या जाळीत अडकतात. नीट उपाय म्हणजे हेलिकॉइल: भोक मोठं करून, टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून, त्यात स्टीलच्या तारेचे नवे आटे बसवायचे. लेथवाला किंवा जाणता मेकॅनिक हे तासाभरात करतो आणि हे आटे मूळच्यांपेक्षा टिकाऊ असतात. एकच आग्रह धरा: टॅपला घट्ट ग्रीस लावूनच मारायचा, म्हणजे किस त्याला चिकटून बाहेर येतो, आणि नंतर वरून अर्धा लिटर स्वस्त ऑईल ओतून तळातून वाहू द्यायचं.

पुढच्या वेळी हे होऊ नये म्हणून: वॉशर दर वेळी नवा, बोल्ट आधी बोटांनी चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे, आणि शेवटचा आवळ पुस्तकातल्या आकड्याइतकाच. लांब दांड्याच्या पान्याने दोन्ही हातांनी आवळणं हेच आटे जाण्याचं नेहमीचं कारण.

ऑईलच चुकीचं पडलं

इथे बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. ५डब्ल्यू-३० च्या जागी ५डब्ल्यू-४० पडलं (हे ऑईलच्या घट्टपणाचे आकडे), तर इंजिन मरत नाही. जमेल तेव्हा लवकर बदला.

मोठा प्रश्न आहे तो बीएस-६ डिझेल गाड्यांचा, म्हणजे साधारण १ एप्रिल २०२० नंतरच्या. त्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी जाळून तो स्वतःला साफ करतो, पण ऑईलमधल्या धातूंची राख जळत नाही, साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं, डब्यावर बहुधा सी२ किंवा सी३ असा दर्जा लिहिलेला. कोपऱ्यावरच्या दुकानातलं ट्रकचं १५डब्ल्यू-४० उत्तम ऑईल असू शकतं, पण या गाडीसाठी नाही. एखाद-दोन आठवड्यांत डीपीएफ तुंबत नाही, तेव्हा दुकान उघडेपर्यंत थांबा आणि बदला.

याच गाड्यांत ऑईल न घालताही पातळी वर चढलेली दिसू शकते. डीपीएफ साफ करताना जास्तीचं डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं ऑईलमध्ये उतरतं. शहरात छोट्या-छोट्या फेऱ्या असतील तर जास्तच. पट्टीला डिझेलचा वास येत असेल तर ऑईल पातळ झालंय, बदलायलाच हवं. आणि ऑईल बदलल्यावर बऱ्याच गाड्यांना स्कॅनरने तसं कळवावं लागतं, नाहीतर जुनाच हिशोब धरून ऑईल बदलायची आठवण करणारा दिवा लागतो.

नवं ऑईल एक फेरी मारून आल्यावर काळं दिसलं, तर ती चूक नाही. डिझेलमध्ये तसंच होतं. ते बघून चेंबरमध्ये डिझेल ओतून इंजिन धुवायची जुनी पद्धत काही ठिकाणी चालते, ती करू नका. डिझेल वळणावळणात उरतं आणि नव्या ऑईलला पातळ करतं.

ऑईलच्या भोकातून काही आत पडलं, जसं डब्याच्या तोंडाचा चांदीसारखा कागद किंवा फडक्याचा तुकडा, तर वरचं कव्हर काढून ते मिळेपर्यंत सुरू करू नका. "आपोआप खाली बसेल" असं म्हणाल, आणि ते खाली पंपाच्या जाळीवरच बसेल. मोठ्या बीएस-६ गाड्यांत निळ्या झाकणाची ॲडब्लूची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची, टाकी असते. ॲडब्लू इंजिनात किंवा ऑईल त्या टाकीत गेलं, तर चावीसुद्धा लावू नका, सरळ टोचन.

सुरू केल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी

सगळं निस्तरल्यावर सुरू करताना एक माणूस आत, एक खाली टॉर्च घेऊन बाजूला. दिवा विझला, एक मिनिट सुस्त चाल, बंद. दहा मिनिटांनी पट्टी. मग गाडीखाली, बोल्ट आणि फिल्टरच्या बरोबर खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी कागदावर डाग दिसला तर त्याच्या वर बघायचं. चेंबर सगळीकडून तेलकट असेल आणि गळती सापडत नसेल, तर पुसून त्यावर पावडरीचा डबा झटका. ओला पट्टा कुठून सुरू होतो ते पांढऱ्यावर लगेच दिसतं. अल्टरनेटरच्या पट्ट्यावर ऑईल उडालं असेल तर पुसून चालत नाही, तो फुगून घसरतो, बदलावा लागतो.

सांडलेल्यावर लाकडाचा भुसा टाकून गोळा करा, पाण्याचा पाइप मारू नका. काळं ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. आपल्याकडे ते वाळवी लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना, पडवीच्या वाशांना फासतात. त्यात कर्करोगाला कारण ठरणारे घटक असतात आणि गुरं खांब चाटतात. कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या ज्याचं पिंप नोंदणीकृत पुनर्वापर करणारा उचलून नेतो. गिअरबॉक्सचं आणि इंजिनाचं एकत्र चालतं, पण त्यात कूलंट किंवा पाणी मिसळू नका.

पहिले पन्नास किलोमीटर घराजवळच फिरा आणि परत येऊन पट्टी बघा. आमच्या गाडीच्या इंजिनाच्या बोल्टावर आता पिवळ्या ऑईलपेंटचा ठिपका आहे आणि गिअरबॉक्सच्या बोल्टावर लाल. काकांनीच दुसऱ्या दिवशी ब्रश आणून दिला.